कर्करोगाची जनुकीय कारणे शोधणारा संशोधक व्हायचे असेल तर

कर्करोग हा जनुकांतील बिघाडाचा आजार आहे, परंतु बहुतेक रुग्णांमध्ये तो आनुवंशिक नसतो. या विधानात कोणाला विसंगती जाणवत असेल, तर या क्षेत्रातला पहिला धडा तेथूनच सुरू होतो. आपल्या पेशींतील डीएनएमध्ये आयुष्यभर बदल साठत जातात. त्यांतले काही पेशी विभागताना नक्कल चुकल्यामुळे होतात, तर काही तंबाखू, अतिनील किरणे किंवा एखाद्या विषाणूमुळे. असा बदल त्या पेशीपुरता आणि तिच्यापासून पुढे निर्माण होणाऱ्या पेशींपुरताच राहतो. तो मुलाबाळांकडे जात नाही. याउलट आईकडून किंवा वडिलांकडून आलेला बदल जन्मापासून शरीरातील प्रत्येक पेशीत असतो. एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्के कर्करोगांमागे असा वारशाने आलेला बदल असतो.

मुंबई आणि आसपासच्या भागात राहून या विषयात संशोधन करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख लिहिला आहे. अकरावी-बारावीतले, बी.एस्सी.चे आणि नोकरी सोडून पुन्हा अभ्यासाकडे वळू पाहणारे, असे तिन्ही प्रकारचे वाचक माझ्या डोळ्यांसमोर आहेत. एक गोष्ट आरंभीच सांगतो. आजची यंत्रे गाठीच्या एका तुकड्यातून हजारो जनुकीय बदल काही दिवसांत शोधून देतात, त्यामुळे बदल सापडणे ही आता दुर्मीळ गोष्ट उरलेली नाही. त्या हजारोंपैकी कोणत्या बदलामुळे रोग झाला हे सिद्ध करणे मात्र आजही कठीण आहे आणि संशोधकाचे खरे काम तेच आहे. शिक्षण कोठे घ्यावे, गाईड कोण निवडावा, कोणते तंत्र शिकावे, हे सगळे निर्णय ‘यामुळे मला कारण सिद्ध करता येईल का’ या कसोटीवर घ्यावेत, असे माझे मत आहे.

परीक्षेच्या आधी प्रश्न

विद्यार्थी भेटायला येतात तेव्हा बहुधा नेट द्यावी की गेट, येथपासून बोलणे सुरू होते. परीक्षा महत्त्वाच्या आहेत आणि त्यांच्याकडे मी पुढे येणारच आहे, पण ज्याच्याजवळ स्वतःचा एकही प्रश्न नाही त्याला उत्तम गुण मिळूनही पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी आपण हे काय करत आहोत असे वाटू लागते. म्हणून प्रश्न कसा पडतो हे आधी पाहू.

१९७१ मध्ये आल्फ्रेड नडसन या अमेरिकी डॉक्टरांनी रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्यांच्या कर्करोगाच्या ४८ रुग्णांच्या नोंदी घेऊन त्यांच्या वयांचा हिशेब मांडला. ज्या मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या, त्यांच्यात रोग फार लवकर दिसत होता. एकाच डोळ्यात गाठ असलेल्या आणि घराण्यात हा आजार नसलेल्या मुलांमध्ये तो उशिरा येत होता. या फरकावरून नडसन यांनी असे अनुमान काढले की गाठ निर्माण होण्यासाठी एकाच जनुकाच्या दोन्ही प्रतींवर आघात व्हावा लागतो. पहिल्या गटातील मुले त्यांतला एक आघात जन्मतःच घेऊन येतात, तर दुसऱ्या गटातील मुलांमध्ये दोन्ही आघात एकाच पेशीत योगायोगाने घडावे लागतात. त्या काळी ते जनुक वाचण्याचे कोणतेही साधन नव्हते. आरबी१ हे जनुक प्रत्यक्ष हाती लागले ते १९८६ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी. नीट ठेवलेले केस पेपर आणि गणित, एवढ्या भांडवलावर हा विचार उभा राहिला होता.

नीट ठेवलेल्या नोंदींची परंपरा मुंबईतही आहे. ठरावीक लोकवस्तीतील प्रत्येक कर्करुग्णाची नोंद ठेवणारी भारतातली पहिली नोंदवही १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. अशा नोंदवह्यांचे अहवाल कंटाळवाणे वाटतात, कारण त्यांत तक्त्यांमागून तक्ते असतात. तरीही बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याने असा एक अहवाल समोर घेऊन, कोणत्या वयात, कोणत्या अवयवाचा, स्त्रियांत किती आणि पुरुषांत किती, असे वाचत जावे. तोंडाचा कर्करोग आपल्याकडे एवढा का, पित्ताशयाचा कर्करोग गंगेच्या खोऱ्यात अधिक का, असे प्रश्न त्या तक्त्यांतूनच उभे राहतात. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात देशाच्या कानाकोपऱ्यांतून रुग्ण येत असल्यामुळे हे प्रश्न मुंबईतल्या संशोधकाच्या दाराशीच येऊन उभे असतात.

यांतल्या दुसऱ्या प्रश्नाचे काही अंशी उत्तर टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधकांच्या पुढाकाराने २०१७ मध्ये मिळाले. भारतीय रुग्णांचा आणि निरोगी व्यक्तींचा संपूर्ण जनुकसंच एकमेकांशी ताडून तपासला असता एबीसीबी१ आणि एबीसीबी४ या जनुकांच्या परिसरातील काही भेदांचा पित्ताशयाच्या कर्करोगाशी संबंध दिसून आला. एबीसीबी४ हे जनुक पित्तात स्निग्ध द्रव्ये सोडण्याच्या कामाशी निगडित आहे, त्यामुळे हा निष्कर्ष केवळ आकड्यांचा खेळ न राहता शरीराच्या कार्याशी जुळतो. तोंडाच्या कर्करोगाबाबत, विशेषतः हिरडी आणि गाल यांमधील ज्या खाचेत तंबाखूची गोळी धरून ठेवली जाते तेथील कर्करोगाबाबत, पश्चिम बंगालमधील कल्याणीची राष्ट्रीय जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्था आणि खारघरचे ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचे संशोधन केंद्र यांनी मिळून २०१३ मध्ये जनुकीय बदलांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात टीपी५३, कॅस्प८, फॅट१ यांसारखी आधी ठाऊक असलेली जनुके होती आणि या रोगात पूर्वी न नोंदलेली काही नवी जनुकेही होती. हे दोन्ही शोधनिबंध पदवीच्या विद्यार्थ्याने शब्दकोश जवळ ठेवून का होईना, पूर्ण वाचावेत. पहिल्या वाचनात निम्मे कळणार नाही आणि त्याची काळजी करण्याचे कारण नाही.

शिक्षणाची वाट

अकरावीला जीवशास्त्राबरोबर गणित घ्यावे. महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या गडबडीत पुष्कळ मुले गणित सोडून देतात आणि पुढे विदेचे (डेटाचे) विश्लेषण करताना त्यांना पाच वर्षांपूर्वीचा तो निर्णय जड जातो. ज्यांनी गणित आधीच सोडले आहे त्यांनी निराश होऊ नये. संख्याशास्त्र, संभाव्यता आणि थोडे रेषीय बीजगणित घरी बसूनही शिकता येते, मात्र त्यासाठी रोजचा एक तास ठरवून द्यावा लागतो.

पदवीसाठी जीवशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांपैकी कोणताही विषय चालतो. माटुंग्याचे रुईया, धोबीतलावचे सेंट झेवियर्स, ब्रीच कँडीचे सोफिया ही या विषयांसाठी नावाजलेली महाविद्यालये आहेत. परंतु महाविद्यालयाच्या नावापेक्षा तेथे प्रत्यक्ष प्रात्यक्षिके होतात का आणि शिक्षक विद्यार्थ्याला स्वतः चुका करू देतात का, हे मी आधी विचारीन. बारावीनंतर थेट पाच वर्षांचा एकात्मिक एम.एस्सी. अभ्यासक्रम हवा असेल, तर कालिन्यातील मुंबई विद्यापीठाच्या परिसरात असलेल्या मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रात नेस्ट परीक्षेद्वारे प्रवेश मिळतो. हे केंद्र मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांचे संयुक्त असून ते २००७ मध्ये सुरू झाले. पदवीनंतर पवईच्या आयआयटीत एम.एस्सी. करायचे असल्यास जॅम ही परीक्षा असते आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जीवशास्त्राची वेगळी प्रवेश परीक्षा असते. नियम आणि वयोमर्यादा अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वर्षीची मूळ सूचना वाचावी आणि वरच्या वर्गातील मित्राच्या आठवणीवर विसंबून राहू नये.

वैद्यकीय मार्गही आहे आणि मराठी घरांत त्याचा पुरेसा विचार होत नाही, याचे मला वाईट वाटते. एम.बी.बी.एस. झालेली व्यक्ती पॅथॉलॉजीत एम.डी. करून किंवा कर्करोगचिकित्सेचे पुढील शिक्षण घेऊन संशोधनाकडे वळू शकते. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ ओळखणारा डोळा आणि रुग्णाशी बोलण्याचा सराव, ही या मार्गाने येणाऱ्यांची मोठी शिदोरी असते.

विषय बदलून येणाऱ्यांना मी डॉ. कमल रणदिवे यांचे उदाहरण देतो. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या कमलताईंचा एम.एस्सी.चा विषय होता सीताफळाच्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे! त्यानंतर त्या मुंबईत आल्या आणि डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली कर्करोगावर काम करून १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या. पुढे बाल्टिमोर येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून त्या परत आल्या आणि मुंबईत त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध त्या काळी अभ्यासणाऱ्या मोजक्या संशोधकांत त्यांचे नाव घेतले जाते. वनस्पतींची गुणसूत्रे मोजताना लागलेली शिस्त उंदरांच्या गाठी अभ्यासताना वाया गेली नाही. त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह १९७३ मध्ये भारतीय स्त्री वैज्ञानिक संस्था स्थापन केली. वाशीत या संस्थेचे काम आजही चालते आणि संशोधनात येणाऱ्या मुलींनी तेथे एकदा जरूर जाऊन यावे.

वंशावळ काढायला शिका

प्रयोगशाळेत पाऊल टाकण्याआधी जे कौशल्य मिळवता येते आणि ज्याला एक रुपयाही लागत नाही, ते म्हणजे कुटुंबाची वंशावळ काढणे. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, भरलेली आकृती म्हणजे आजार झालेली व्यक्ती आणि तिरकी रेघ म्हणजे ती व्यक्ती आता हयात नाही. किमान तीन पिढ्या मांडायच्या आणि प्रत्येक रुग्णापुढे कोणत्या अवयवाचा कर्करोग, निदान कोणत्या वयात, हे लिहायचे. निदानाच्या वयाला फार महत्त्व आहे. पंचाहत्तराव्या वर्षी आजीला झालेला आतड्याचा कर्करोग आणि अडतिसाव्या वर्षी मामाला झालेला तोच कर्करोग यांचा अर्थ एकसारखा नसतो.

या कामात मराठी भाषा आपल्याला मोठी मदत करते. ‘अंकल’ आणि ‘आँटी’ म्हणणाऱ्याला पुन्हा खुलासा विचारावा लागतो. मावशी, आत्या, मामा, काका म्हटले की नाते कोणत्या बाजूचे ते लगेच कळते. मामेबहीण, आतेभाऊ, मावसभाऊ, चुलतबहीण यांवरून आकृतीत रेघ कोठे ओढायची हेही ठरते. मात्र आत्याच्या यजमानांनाही काका म्हणण्याची पद्धत अनेक घरांत आहे, म्हणून ‘सख्खे काका का’ असे विचारून घ्यावे, कारण रक्ताचे नाते नसलेली व्यक्ती चुकून वंशात घेतली गेली तर सारा हिशेब बिघडतो.

प्रश्न विचारताना दोन ठिकाणी विशेष सावध राहावे लागते. पहिले ठिकाण वडिलांच्या बाजूचे आहे. स्तनाचा कर्करोग हा बायकांचा आजार म्हणून रुग्ण फक्त आई, मावशी आणि आजी यांच्याबद्दल सांगते. पण या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ या जनुकांतील दोष वडिलांकडूनही तितक्याच शक्यतेने येतो आणि वडिलांना स्वतःला काही झालेले नसले तरी त्यांच्या बहिणींच्या आजारपणात त्याचा माग लागतो. आत्यांची चौकशी केल्याशिवाय वंशावळ पूर्ण झाली असे समजू नये. दुसरे ठिकाण शब्दांचे आहे. आपल्या घरांत कर्करोगाचे नाव घेणे टाळले जात असे आणि आजही टाळले जाते. ‘पोटाचे दुखणे होते’, ‘पिशवीचा आजार होता’, ‘गाठ झाली आणि त्यातच गेली’ अशा शब्दांत माहिती येते. पिशवी म्हणजे गर्भाशय की अंडाशय की पित्ताची पिशवी, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते. जुनी फाईल, शस्त्रक्रियेचा कागद, किमान कोणत्या दवाखान्यात नेले होते त्याचे नाव, असे काही मिळते का पाहावे. लग्न मामाच्या मुलीशी झाले होते का, हेही संकोच न करता पण अदबीने विचारावे. महाराष्ट्रातील अनेक समाजांत अशी लग्ने होत आली आहेत आणि एमयूटीवायएच या जनुकासारख्या, दोन्ही प्रती बिघडल्या तरच आतड्याचा कर्करोग घडवणाऱ्या दोषांमध्ये ही माहिती निर्णायक ठरू शकते.

वंशावळींच्या बळावर केवढे काम उभे राहते, ते अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांच्या संशोधनावरून दिसते. स्तनाच्या कर्करोगामागे एखादे वारशाने येणारे जनुक असेल, यावर फारसा कोणाचा विश्वास नव्हता अशा काळात त्यांनी कुटुंबे गोळा केली आणि १९९० मध्ये २३ कुटुंबांच्या अभ्यासावरून ते जनुक १७ व्या गुणसूत्राच्या एका भागात असल्याचे दाखवले. रोग लहान वयात झालेली कुटुंबे वेगळी केल्यावरच हा संकेत स्पष्ट झाला. वर निदानाच्या वयाचा आग्रह धरला तो त्यामुळेच. बीआरसीए१ हे जनुक प्रत्यक्ष वेगळे करण्यात आले १९९४ मध्ये.

सराव म्हणून स्वतःच्या घराची वंशावळ काढून पाहा. घरातील वडीलधाऱ्यांना विश्वासात घ्या आणि कोणाला बोलायचे नसेल तर थांबा. पुढे अनोळखी रुग्णासमोर बसताना हा संयम उपयोगी पडेल.

बदल सापडला, आता तो कारण आहे का?

टायटिन नावाचे एक जनुक आहे. मानवी शरीरातील सर्वांत लांब प्रथिन त्यापासून तयार होते आणि ते स्नायूंच्या कामाचे आहे. गाठींच्या डीएनएचे वाचन मोठ्या प्रमाणात सुरू झाल्यावर हे जनुक अनेक प्रकारच्या कर्करोगांत वारंवार बदललेले आढळू लागले. कारण साधे होते. रस्ता जितका लांब तितके त्यावर खड्डे अधिक, आणि टायटिन अवाढव्य असल्यामुळे त्यात योगायोगाने होणारे बदलही पुष्कळ. वासाच्या संवेदनेशी संबंधित जनुकेही अशीच यादीत वर येत होती. कर्करोगाला पुढे ढकलणारा बदल आणि त्याच्याबरोबर फुकट प्रवास करणारा बदल यांतील फरक ओळखण्यासाठी जनुकाची लांबी, पेशीत ते किती वापरले जाते आणि डीएनएची नक्कल होताना त्याची पाळी लवकर येते की उशिरा, या सर्वांचा हिशेब करावा लागतो, हे संशोधकांना या अनुभवातून उमगले. नव्या विद्यार्थ्याने संख्याशास्त्र शिकावे असे मी म्हणतो ते अशा प्रसंगांसाठी. रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांचे सबंध जनुकसंच ताडून पाहताना सुमारे १० लाख स्वतंत्र तपासण्या एकदम होतात, म्हणून योगायोगाची शक्यता चालवून घेण्याची नेहमीची ५ टक्क्यांची मर्यादा १० लाखांनी भागून अत्यंत कडक केली जाते. हे ज्याला कळले नाही त्याला प्रत्येक यादीत शोध लागल्याचा भास होतो.

कारण सिद्ध होण्याची संपूर्ण साखळी पाहायची असेल, तर क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगाचा इतिहास अभ्यासावा. १९६० मध्ये फिलाडेल्फियातील नॉवेल आणि हंगरफोर्ड या संशोधकांना या रुग्णांच्या पेशींत एक असाधारण लहान गुणसूत्र दिसले. १९७३ मध्ये जॅनेट रौली यांनी दाखवले की ते केवळ तुटलेले गुणसूत्र नसून ९ व्या आणि २२ व्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली आहे. या अदलाबदलीतून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होते असे पुढे कळले. १९९० मध्ये ते जोडजनुक उंदरांच्या रक्तपेशींत घातल्यावर तशाच प्रकारचा आजार झाला आणि २००१ मध्ये या जोडजनुकाच्या प्रथिनाला रोखणारे इमॅटिनिब हे औषध मान्य झाले. निरीक्षण, स्पष्टीकरण, प्राण्यांतील पुनर्निर्मिती आणि शेवटी त्या कारणाला आवर घातल्यावर रुग्ण सुधारणे, या चार कड्या जुळायला चाळीस वर्षे लागली. एका संशोधकाच्या वाट्याला बहुधा यांतील एकच कडी येते. ती भक्कम असावी, एवढे आपल्या हाती असते.

भक्कमपणाचा विषय निघाला म्हणून पी५३ बद्दल सांगणे आवश्यक आहे. वर उल्लेखलेल्या टीपी५३ या जनुकापासून तयार होणारे हे प्रथिन १९७९ मध्ये सापडले आणि त्यानंतर जवळजवळ दहा वर्षे ते कर्करोगाला चालना देते असे मानले जात होते. १९८९ मध्ये उलगडा झाला की प्रयोगशाळांमध्ये वापरल्या जात असलेल्या या जनुकाच्या प्रती मुळातच बिघडलेल्या होत्या. धडधाकट जनुक कर्करोगाला रोखणारे आहे. जगातील उत्तम प्रयोगशाळांच्या बाबतीत हे घडले, तर आपणही आपल्या साहित्याची खातरजमा प्रत्येक वेळी करायला हवी. माझ्या सुरुवातीच्या काळात एका प्रयोगशाळेत स्तनाच्या कर्करोगाच्या म्हणून वाढवलेल्या पेशी भलत्याच निघाल्या आणि माझे आठ महिन्यांचे काम टाकून द्यावे लागले. बाटलीवरच्या चिठ्ठीवर मी विश्वास ठेवला होता आणि पेशींची ओळख पटवणारी डीएनए तपासणी करून घेतली नव्हती. ती तपासणी काम सुरू करण्यापूर्वी, मधे आणि शोधनिबंध पाठवण्यापूर्वी, अशी तीनदा करावी. मायकोप्लाझ्माची तपासणीही ठरलेल्या दिवशी झालीच पाहिजे, कारण हा जंतू पेशींचे वागणे बदलतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसत नाही.

तंत्रांपैकी डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याचे पीसीआर, पेशीसंवर्धन, प्रथिने ओळखण्याचे वेस्टर्न ब्लॉट आणि गाठीचा तुकडा जतन केलेल्या मेणाच्या ब्लॉकमधून डीएनए काढणे हे हाताने यावे. क्रिस्पर या जनुकात हवा तसा बदल करण्याच्या तंत्राने पेशीतील एखादे जनुक बंद करून पाहणे किंवा रुग्णातला बदल निरोगी पेशीत जसाच्या तसा आणून पाहणे, हा कारण तपासण्याचा आजचा सर्वांत थेट मार्ग आहे. त्याबरोबर लिनक्स ही संगणकप्रणाली आणि आर व पायथन या संगणकभाषा यांची ओळख हवीच. संगणकाच्या सरावासाठी प्रयोगशाळेत जागा मिळण्याची वाट पाहू नये. अमेरिकेत २००६ मध्ये सुरू झालेल्या कॅन्सर जीनोम ॲटलास या प्रकल्पाने ३३ प्रकारच्या कर्करोगांची माहिती गोळा केली असून त्यातील बराच भाग कोणालाही विनामूल्य पाहता येतो. सीबायोपोर्टल या संकेतस्थळावर ती माहिती उघडून, तोंडाच्या कर्करोगात कोणती जनुके बदलली आहेत हे स्वतः शोधावे आणि मग वर उल्लेखलेल्या २०१३ च्या भारतीय शोधनिबंधाशी ताडून पाहावे. कोठे जुळते आणि कोठे जुळत नाही याची एक पानभर टिपण मराठीत लिहावी, कारण आपल्याला नीट समजलेले नसेल तर मातृभाषेत लिहिताना ते लगेच उघडे पडते.

गाईड, शिष्यवृत्ती आणि ती पाच-सहा वर्षे

ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियल सेंटरचे संशोधन केंद्र खारघरला आहे. परळचे रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले आणि १९५२ मध्ये तेथेच कर्करोग संशोधन केंद्र आले. खानोलकर त्याचे पहिले संचालक. पुढे हे संशोधन केंद्र खारघरला हलले. येथील पीएच.डी. होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या अंतर्गत मिळते. पवईची आयआयटी, कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि मुंबई विद्यापीठाचे विभाग हे इतर पर्याय आहेत.

शिष्यवृत्तीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या परीक्षा असतात. २०२३ पासून कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आणि वरिष्ठ शिष्यवृत्ती ४२,००० रुपये आहे. घरभाडे भत्ता वेगळा. मुंबईत वसतिगृह मिळाल्यास ही रक्कम पुरते, पण कर्ज किंवा घरची जबाबदारी असेल तर ओढाताण होते आणि रक्कम कधीकधी महिनोन्‌महिने उशिरा येते, हे घरच्यांना आधीच मोकळेपणाने सांगून ठेवावे. निदान चार महिन्यांचा खर्च बाजूला काढून मगच सुरुवात करावी, असे मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगतो.

गाईड निवडण्यासाठी पुरेसा वेळ द्यावा. त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. त्यांच्याकडून पदवी घेऊन बाहेर पडलेले विद्यार्थी आता कोठे आहेत, किती वर्षांत त्यांचे प्रबंध पूर्ण झाले, प्रयोग फसला तेव्हा गाईड कसे वागले, हे त्या विद्यार्थ्यांनाच विचारावे. त्याआधी उन्हाळ्यात दोन महिने त्या प्रयोगशाळेत काम करून पाहता आले तर फार उत्तम. तीन विज्ञान अकादमींची मिळून दिली जाणारी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती यासाठीच आहे. जनुकीय कारणांवर काम करायचे असल्यास आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे त्या प्रयोगशाळेचा रुग्णालयाशी जिवंत संबंध आहे का. नमुने कोठून येतात, त्यांच्यासोबत रुग्णाची माहिती येते का आणि उपचार करणारे डॉक्टर चर्चेला बसतात का, या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक नसतील तर उत्तम यंत्रे असूनही काम अर्धवट राहते.

रुग्णाकडून संमतिपत्र घेण्याचे काम विद्यार्थ्याने स्वतः एकदा तरी करावे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नीतिविषयक मार्गदर्शक सूचना त्यासाठी वाचाव्यात, परंतु त्यापलीकडेही शिकण्यासारखे पुष्कळ आहे. साताऱ्याहून रात्रीच्या एसटीने आलेल्या आजींना ‘जनुकीय विश्लेषणासाठी जैविक नमुना’ हे शब्द कळत नाहीत. ‘आजी, तुमच्या रक्तातून आम्ही हे पाहणार आहोत की हा आजार घराण्यातून आला आहे का, नाही म्हणालात तरी तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही’ एवढे सांगून त्यांच्या शंका संपेपर्यंत थांबावे. या चाचणीचा निकाल त्यांच्या एकट्यापुरता नसतो. सून आणणे, मुलीचे लग्न जमवणे, नातवंडांची काळजी, हे सगळे त्यांच्या मनात त्या क्षणी उभे राहते.

पदवीनंतर

पीएच.डी.नंतर बहुतेकांना दोन ते पाच वर्षे दुसऱ्या प्रयोगशाळेत, अनेकदा परदेशात, काम करावे लागते. परतून स्वतंत्र काम सुरू करू इच्छिणाऱ्यांसाठी रामलिंगस्वामी आणि रामानुजन या शिष्यवृत्त्या, तसेच इंडिया अलायन्सचे अनुदान आहे. कायमच्या जागा थोड्या आहेत आणि त्या वेळेवर निघतीलच असे नाही. म्हणून त्याच विषयातील इतर कामांकडे कमीपणाने पाहू नये. जनुकीय समुपदेशक, निदान प्रयोगशाळेत जनुकीय बदलांचा अर्थ लावणारे शास्त्रज्ञ, जैवमाहितीशास्त्रज्ञ आणि नोंदवहीत काम करणारे साथरोगतज्ज्ञ यांची गरज वाढत आहे आणि त्यांच्या कामाचा परिणाम रुग्णाला त्याच आठवड्यात जाणवतो.

बदलांचा अर्थ लावण्याच्या कामात भारतीय संशोधकांना फार मोठी संधी आहे. सापडलेला बदल रोगकारक, बहुधा रोगकारक, अनिश्चित, बहुधा निरुपद्रवी आणि निरुपद्रवी अशा पाच वर्गांत मांडला जातो. जगातील जनुकीय माहितीत युरोपीय वंशाच्या लोकांचे प्रमाण फार मोठे असल्यामुळे आपल्या लोकांमध्ये सर्रास आढळणारा एखादा निरुपद्रवी बदलही अनोळखी ठरून अनिश्चित वर्गात पडतो. जीनोम इंडिया प्रकल्पातील १०,००० भारतीयांच्या जनुकसंचांची माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी उपलब्ध झाली, त्यामुळे ही उणीव भरून निघण्यास आरंभ झाला आहे. परंतु एखादा बदल निरोगी लोकांत किती आढळतो हे कळल्यावरही तो पेशीत नेमके काय करतो हे प्रयोगानेच ठरते आणि ते काम अजून फार थोड्या बदलांबाबत झालेले आहे.

तेव्हा स्वतःची प्रयोगशाळा उभी राहील त्या दिवशी एक वही किंवा संगणकावरची तालिका वेगळी ठेवा. तिच्यात अनिश्चित निकाल मिळालेल्या प्रत्येक कुटुंबाची नोंद, त्यांनी दिलेल्या संमतीची तारीख आणि संपर्काचा क्रमांक असू द्या आणि तो क्रमांक चालू आहे का, हे दरवर्षी तपासा. आज अनिश्चित म्हणून बाजूला ठेवलेला बदल आणखी सहा वर्षांनी रोगकारक ठरला, तर त्या घरातली आज चौदा वर्षांची असलेली मुलगी विशीत आलेली असेल आणि तिला वेळेवर कळवणे हे त्या प्रयोगशाळेचेच काम असेल.